पिठे, तिळगूळ आणि वर्ग दोनचा सातबारा

दिवस पहिला, 11 जानेवारी : नागपूर – साकोली – नवेगावबांध

लक्झेंबर्गला माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी पोर्तुगीज मैत्रीण नोव्हेंबरात सहज म्हणाली, "तुमच्या भागात बाहेरून लोक येऊन राहतात का गं?" मी पटकन सांगून मोकळी झाले, "छे, आमच्याकडून लोक बाहेर जातात." संध्याकाळी ट्रॅममधून घरी जाताना मात्र एकेक आठवायला लागलं. चौथीत असताना घेतलेला माझा लाल स्वेटर साकोलीच्या बाजारात एका तिबेटी बाईकडून घेतला होता. चामोर्शीला मावशीकडे गेलं की मासे घेऊन सायकलवर यायचा तो बंगाली माणूस. मी मैत्रिणीला खोटं सांगितलं होतं. ते दुरुस्त करायचं म्हणून या सुट्टीत मामांना गाडी काढायला लावली. मामा कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतचे बांध त्यांना पाठ आहेत.

नागपूर ते साकोली रस्त्यात काही सांगण्यासारखं घडलं नाही. धुकं होतं, कापून झालेली धानाची खुंटं होती. दुपारी नवेगावबांधच्या तलावाच्या पाळीवर पोचलो.

हा तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटलानं तो बांधला असं इथं सांगतात, आणि कोहळी मूळचे काशीकडचे, गोंड राजांनी त्यांना तळी बांधण्यासाठी इकडे आणलं, असंही सांगतात. झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, हजारो मालगुजारी तळी याच परंपरेतली. आता सरकारी कागदात त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि लोक त्याचं सरळ 'मामा तलाव' करतात. जो तळं बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन, असा गोंड राजवटीतला व्यवहार होता. चंद्रपूरकडं 'तुकूम' नावाची ठिकाणं आहेत, ती त्याच व्यवहाराची खूण.

"कोहळी म्हंजे पान्याचा मानूस," मामा म्हणाले. "उतार पाहून सांगे, पाळ इथं टाका. आज कोन म्हणते का त्याले बाहेरचा?"

कोणी म्हणत नाही. तीनशे वर्षं झाली आणि तळ्यात अजून पाणी आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. आलेल्याला काम दिलं होतं आणि कामाच्या बदल्यात जमीन ठरवून दिली होती. आधी शब्द झाला, मग पाळ पडली.

रात्री वनविभागाच्या विश्रामगृहाजवळच्या खानावळीत भाकरी आणि लाखोरीचं वरण खाताना मी मामांना लक्झेंबर्गचं सांगितलं. सारा देश 2,586 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपला गडचिरोली जिल्हा त्याच्या पाचपटीहून मोठा. एकोणिसाव्या शतकात तिथली माणसं गरिबीपायी अमेरिकेला जायची, गावं रिकामी होत होती. मग दक्षिणेत लोखंडाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने उभे राहिले, आणि कामाला इटलीतून माणसं आली. 1960 नंतर पोर्तुगीज आले. आज साडेसहा लाखांवर वस्तीत जवळजवळ निम्मे लोक परक्या देशांचे नागरिक आहेत. शिवाय रोज सकाळी दोन लाखांहून जास्त माणसं फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात.

"मंग त्याहिचं सारं बाहेरच्याहिवरच चालते," मामा म्हणाले.

चालतं. बसचे ड्रायव्हर, दवाखान्यातल्या नर्स, गवंडी, बँकेतले आम्ही, सगळे बाहेरचे. आम्ही सगळे भरतो त्या वर्गणीतून तिथल्या म्हाताऱ्यांची पेन्शन निघते. आणि घरांचे भाव इतके चढलेत की तिथंच जन्मलेली कित्येक कुटुंबं सीमेपलीकडं जर्मनीत घर घेऊन राहतात. हे दोन्ही खरं आहे, आणि पहिलं सांगून दुसरं गिळून टाकणाऱ्यांचा मला राग येतो.

दिवस दुसरा, 12 जानेवारी : गोठनगाव

इटियाडोह धरणाच्या अलीकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठनगाव. रस्त्याच्या एका बाजूला झाडीपट्टीचं नेहमीचं गाव, कवेलूची घरं, अंगणात तणसाचे ढीग. दुसऱ्या बाजूला साजाच्या झाडांना बांधलेल्या निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या पताका. ही नोर्गेलिंगची तिबेटी वसाहत, 1972 सालची. दलाई लामा 1959 मध्ये भारतात आले, त्यांच्यामागून आलेल्या हजारो माणसांनी आधी हिमालयात रस्त्यांची कामं केली आणि मग त्यांना ठिकठिकाणी वसवलं. बर्फातल्या माणसांना पंचेचाळीस अंशांच्या विदर्भात.

वसाहत शांत होती, फारच शांत. गोंपाभोवती, म्हणजे त्यांच्या मठाभोवती, तीन म्हाताऱ्या प्रार्थनाचक्र फिरवत चालल्या होत्या आणि एक कुत्रं उन्हात पडलं होतं. हिवाळ्यात असंच असतं. कर्ती माणसं ऑक्टोबरातच स्वेटर विकायला शहरांत जातात. लुधियानाचे व्यापारी उधारीवर माल देतात, हंगाम संपला की हिशेब चुकता करायचा. इतकी वर्षं बहुतेक तोंडच्या शब्दावर हा धंदा चालला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोसार, त्यांचं नवं वर्ष, तेव्हा गाव पुन्हा भरतं.

एका आजींनी अंगणात बसवलं, लोणी-मिठाचा चहा दिला. त्यांची मराठी ऐकून मी चकित झाले. थेट झाडीचा ठसका, 'ण' नाही, 'ळ' नाही.

"आलो तवा माझं लगन नव्हतं झालं. पह्यला उन्हाळा आला, आमाले वाटलं आता मरतो. गोठनगावच्या बाया यायच्या, त्याहिनं शिकवलं, कांदा जवर ठेव, दुपारी बाहेर नको निघू. धान रोवनं त्याहिनंच शिकवलं."

"आणि आता शेती?"

"आता त्याहिचीच पोरं करते. आमची पोरं कोठं आहेत इथं?"

तिन्ही मुलांपैकी एक कॅनडात, एक बेल्जियममध्ये, मुलगी स्वेटर घेऊन नागपूरला. भारतातल्या तिबेटी वसाहती अशाच रोडावत चालल्या आहेत, तरुण पश्चिमेकडं जातात. म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या गावातून आता बाहेर जाणं चाललंय, आणि त्यांच्या बांध्यांत गोठनगावचे मजूर राबतात. एकेकाळी ज्यांनी रोवणी शिकवली त्यांचीच नातवंडं मजुरीला येतात, हे मला बोचलं. आजींना तसं वाटत नव्हतं. "काम भेटते त्याहिले," एवढंच म्हणाल्या. दुकानदारांचंही तेच. उन्हाळ्यात वसाहत भरली की गावातल्या किराणा दुकानाला जीव येतो, असं एकानं सांगितलं.

मग कागदांचं निघालं. आजींकडं आरसी आहे, परदेशी माणसाला मिळतं ते नोंदणीचं पुस्तक, ठरावीक मुदतीनं नवं करून घ्यायचं. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात जो भारतात जन्मला तो कायद्यानं जन्मतःच भारताचा नागरिक. त्यात त्यांची मुलगी बसते, 1983 सालची, इथंच जन्मलेली. पण भारताचा पासपोर्ट घ्यायचा तर आरसी परत करावी लागते, आणि त्याहून मोठी अडचण मनाची. आजी म्हणाल्या, "तिचे बाबा म्हनत, आपन वापस जानार. कागद घेतला तं वापस जानं संपलं."

मला माझंच आठवलं. लक्झेंबर्गमध्ये पाच वर्षं राहिलं आणि तिथल्या भाषेची तोंडी परीक्षा दिली की नागरिकत्व मागता येतं, 2017 च्या कायद्यानं. मला नऊ वर्षं झाली. परीक्षा जमेल. पण तो पासपोर्ट घेतला की भारताचा जातो, आपल्याकडं दोन्ही ठेवता येत नाहीत, आणि माझा हात धजत नाही. फरक एवढाच की मला माझा देश सुट्टी काढून बघता येतो. आजींना नाही. निघताना त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझं कपाळ आपल्या कपाळाला टेकवलं.

दिवस तिसरा, 13 जानेवारी : वडसा – गडचिरोली – मेंढा

वडसा, आरमोरी, गडचिरोली. वडशाच्या चौकात झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक दाटीवाटीनं लागलेले, हंगाम ऐन भरात. थांबायला हवं होतं, थांबलो नाही. मला संध्याकाळच्या आत मेंढ्याला पोचायचं होतं.

आल्या-गेल्यांचा विचार करताना जे आधीपासून होते त्यांच्याकडं गेल्याशिवाय माझं मन मानत नव्हतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर. देशात सर्वांत आधी ज्यांना तो मिळाला त्यांत हे गाव होतं. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचं काम ग्रामसभेच्या हाती आलं. बांबूचा पैसा गावात आला.

आम्ही गोटुलाजवळ, गावाच्या सामाईक घराजवळ, एका काकांशी बोलत बसलो. मी गोठनगावचं सांगितलं, उद्या मुलचेऱ्याकडं बंगाली निर्वासितांच्या गावांत जाणार म्हणूनही सांगितलं.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या लोकाहिवर आमचा राग नाई. दुखातून आले. पर त्याहिले पट्टा भेटला तवा आमच्या बापाले त्याच जंगलात लाकूड तोडलं म्हनून गार्ड धरत होता."

मी हिशेब केला. बंगाली कुटुंबं आली 1960 च्या दशकात. मेंढ्याला स्वतःच्या जंगलाचा कागद मिळाला 2009 मध्ये. मधे चाळीस वर्षांहून अधिक काळ. ज्या सरकारला सीमेपलीकडून आलेल्याला जमीन मोजून देता आली, त्याला इथल्याच माणसाचं जंगल त्याच्या नावावर करायला दोन पिढ्या लागल्या. आलेल्यांवरचा राग पुष्कळदा या हिशेबातून येतो, आणि तो चुकीच्या दारात जाऊन बसतो. मामा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. वनखात्याच्या शेजारच्या कार्यालयात त्यांनीही वर्षं काढली आहेत.

रात्री चामोर्शीला मावशीकडे.

दिवस चौथा, 14 जानेवारी : मुलचेरा, संक्रांत

मावशीनं डब्यात तिळगूळ भरून दिला. घोट मागे टाकलं तसं जंगल दाट झालं, आणि मग एकदम उघडं शिवार, सपाट, मोजून कापल्यासारखं. गावांची नावं बदलली. सुंदरनगर, विवेकानंदपूर. घरापुढं तुळशीचा ओटा, मागं बोडी, बोडीत मासे, बोडीच्या काठावर केळी. परसात वांगी, दुधी, कोबी. मामा खिडकीतून बघत म्हणाले, "जानेवारीत असं हिरवं शिवार तुले साकोलीत दिसनार नाई."

आम्ही ज्या घरी गेलो ते काका आता सत्तरीत. पूर्व पाकिस्तानातल्या, आजच्या बांगलादेशातल्या, खुलना जिल्ह्यातून निघाले तेव्हा ते शाळकरी पोर होते, साल 1964. आधी सीमेवरची छावणी, मग आगगाडीनं रायपूरजवळची माना छावणी, तंबूत महिने काढले, धाकटी बहीण तिथंच गेली. मग ट्रकनं या जंगलात. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, तो 1982 मध्ये चंद्रपूरमधून निघाला. "ट्रक थांबला तर रस्ताच नव्हता," ते म्हणाले. "बाबा म्हणाले, नदी कुठंय? आमचं गाव चारी बाजूंनी पाण्यात. इथं पाणी शोधत फिरायचं."

सरकारनं जमीन दिली, बैल दिले, घरापुरतं सामान दिलं. पहिली वर्षं मलेरियात गेली. मग एकेकानं बोड्या खोदल्या, कारण भाताशिवाय आणि माशाशिवाय त्यांना जेवण जेवण वाटत नव्हतं. आठवडी बाजारात भाजी आणि मासे घेऊन जाऊ लागले. काकांच्या वडिलांनी चामोर्शीच्या बाजारात पहिल्यांदा मासे नेले तेव्हा मराठी येत नव्हतं, बोटांनी आकडे दाखवायचे. माझ्या मावशीच्या घरी येणारा सायकलवाला असाच कुणी असणार.

मामांनी शेताचे प्रश्न विचारले, बियाणं, खत, मोटर. मी ऐकत होते. रब्बीत मका आणि भाजी घेणं या भागात कुणी सुरू केलं, असं मामांना विचारलं तर ते सरळ या गावांकडं बोट दाखवतात. शेजारच्या गोंड गावांतले काही लोक इथं मजुरीला यायचे आणि बघून स्वतःच्या बांधीवर करू लागले, असं काका म्हणाले. मामांनी मान हलवली. मेंढ्याच्या काकांचा शब्द मी मध्येच सांगितला. काका म्हणाले, "बरोबर बोलतो तो. ज्या झाडांखाली ते मोहफुलं वेचायचे ती आमच्या बापांनी तोडली. आम्हाला कुणी विचारलं नाही, त्यांनाही नाही."

मग त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. सातबारा. 'भोगवटादार वर्ग 2.' साठ वर्षं जमीन कसली तरी ती सरकारनं दिलेली, म्हणून परवानगीशिवाय विकता येत नाही, कर्जाला बँक कुरकुर करते. पिशवीत दुसरा कागद होता, नातीचा दहावीचा निकाल, एकोणनव्वद टक्के. आणि तिसरा कागद नव्हता, जातीचा दाखला.

हे कुटुंब नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत. अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक वेगळी असते, आणि महाराष्ट्राच्या यादीत ही जात नाही. म्हणून नातीला शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही.

इथं मला थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण दीक्षाभूमीच्या प्रदेशात ती घरोघरी ठाऊक असायला हवी होती. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर निवडून गेले ते मुंबईतून नाही, बंगालमधून. तिथले दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल आणि नमःशूद्र कार्यकर्त्यांनी त्यासाठी जीव तोडून काम केलं. फाळणीत खुलना पाकिस्तानात गेलं आणि त्याच समाजाची माणसं निर्वासित होऊन रस्त्यावर आली. त्यांतली काही इथं आली, बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात, आणि इथं त्यांची जात कागदावर नाही. काकांच्या भिंतीवर दोन तसबिरी आहेत, मतुआ पंथाच्या हरिचांद ठाकुरांची आणि बाबासाहेबांची. दोन्हींना आज झेंडूचा हार होता.

मला गलबलून आलं. मी काय करू शकते, असं विचारलं. काका हसून म्हणाले, "पिठे खा."

आज त्यांची पौष संक्रांत. काकूंनी तांदळाच्या पिठाचे पातळ घावन घातले, आत खोबरं आणि गूळ, गुंडाळून ताटात ठेवले. पिठ्यांतल्या या प्रकाराला पाटीसापटा म्हणतात. मी तिळगुळाचा डबा उघडला. नातीनं वडी घेतली आणि सवयीनं म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." शाळेत मराठी, घरी बंगाली. तिची आजी तिच्याशी बंगालीत बोलते, ती मराठीत उत्तर देते, दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. बंगाली लिहिता-वाचता येतं का, विचारलं तर म्हणाली, "नाव लिहिता येतं."

लक्झेंबर्गच्या बहुतेक शाळांत मूल आधी जर्मनमध्ये लिहायला शिकत आलंय, मग फ्रेंच येते. घरी पोर्तुगीज बोलणारं पोर तिथं पुष्कळदा पहिल्याच वर्षी मागं पडतं, माझ्या मैत्रिणीचा मुलगा असाच मागं पडला. ही मुलगी मागं पडली नाही. पण तिची लिपी गेली, आणि ती परत कुणी देणार नाही.

मत आहे का, हेही विचारलं. "आहे की," काका म्हणाले, "निवडणूक आली की सगळ्यांना आमची वाट आठवते." यांच्याकडं मत आहे, दाखला नाही. लक्झेंबर्गमध्ये उलटं. नोकरी, पेन्शन, दवाखाना सगळं आहे, पण 2015 च्या जूनमध्ये परदेशी रहिवाशांना संसदेच्या निवडणुकीत मत द्यावं का यावर सार्वमत झालं तेव्हा शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांनी नको म्हटलं. मी जाण्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. 2023 मध्ये नगरपालिकेला मी मत दिलं, तेवढं देता येतं. त्या दिवशी मतपत्रिका हातात घेताना मी किती हरखले होते, ते काकांना सांगितलं. त्यांना ते नीट कळलं.

निघताना काकूंनी मावशीसाठी डबा दिला. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून मावशी परवा कुणाच्या तरी हाती त्यात काहीतरी पाठवणार हे नक्की.

दिवस पाचवा, 15 जानेवारी : आष्टी

परतीला आष्टी, गोंडपिपरी, चंद्रपूर असा रस्ता घेतला. सकाळी सातला आष्टीच्या चौकात चहाला थांबलो तेव्हा तिथं एक पिकअप उभी होती. मागच्या हौद्यात बायाच बाया, गोधड्या, पातेली, तांदळाची चुंगडी, दोन लहान पोरं. मिरची तोडायला तेलंगणात निघाल्या होत्या. संक्रांत झाली की निघायचं, होळीच्या आसपास परत. मजुरी वजनावर, आणि येताना वर्षभराच्या मिरच्या. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा इकडचे असे कित्येक मजूर तिकडं अडकले, कित्येक जंगलवाटेनं चालत घरी आले. पिकअपमधल्या एकीला मी त्याबद्दल विचारलं तर तिनं पायाकडं बोट दाखवलं, बाकी काही बोलली नाही.

"तुमी कोठी चालल्या?" दुसरीनं मला विचारलं.

मामांनीच उत्तर दिलं. "हे परदेशात रायते. कामाले."

"एकलीच?"

"हो," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग बाजूला सरकून तिनं गोधडी नीट केली आणि म्हणाली, "आमी सोळा जनी आहो." ड्रायव्हरनं पिकअप सुरू केली.